किल्ल्याची वर्दळ

"वर्षभरात फक्त एकेचाळीस माणसं?" पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी तिकिटांचं पुस्तक मिटलं. "जिथं कुणी फिरकतच नाही, त्या किल्ल्याच्या बुरुजाला निधी कुठल्या तोंडानं मागू?"

दरवाजावरचा राखणदार केरबा मान खाली घालून उभा राहिला. देवीला येणाऱ्या बायका, शाळेच्या सहली, पाया पडायला येणारी नवी जोडपी. आपलीच माणसं म्हणून अठरा वर्षांत त्यानं यांतल्या कुणालाच तिकीट लावलं नव्हतं. भलेपणाच्या नादात त्यानंच किल्ला कागदावर ओसाड करून ठेवला होता. आणि भेग गेलेला बुरुज यंदाचा पावसाळा काढणार नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाआत्या नेहमीसारखी फुलांची परडी घेऊन आत निघाली. केरबानं दहा रुपयांचं तिकीट फाडून पुढं धरलं.

"खुळा झालायस काय? मला तिकीट?"

"आत्या, तिकीट फाडल्याबिगर आपण आलो हे सरकारला कळत न्हाई. मग बुरुजाला पैसा येत न्हाई."

आत्या भेगेकडं बघत राहिली. मग तिनं कमरेची चंची सोडून वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.

"कालचंबी फाड."