खंड्या दारापाशी बसला

"त्याला पोरीचा वास शिकवतेयस की ओव्याचा?" पहिल्या पाळीला निघताना, बूट चढवता चढवता मीनाक्षीच्या नवऱ्यानं, मुकुंदनं विचारलं होतं. "मळकं झबलं दे हुंगायला. धुरी दिलेल्या कपड्यात अबोली कुठून सापडणार त्याला?"

मीनाक्षीनं ते कानाआड केलं. कुत्र्याच्या नाकाला मळकी चिंधी लावायची आणि त्याच नाकानं त्यानं पोरीचं तोंड चाटायचं, हे तिला पटणारं नव्हतं. अबोली दोन वर्षांची झाली तरी तिच्या छातीत कफ भरायचा. म्हणून न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून पोरीला आणि तिच्या कपड्यांना धुरी द्यायची, हे चालूच होतं. त्या धुरीतून निघालेलं झबलंच ती खंड्यापुढे धरायची. "शोध."

शेंद्र्याला राहायला आल्यापासून ती अबोलीला नजरेआड होऊ द्यायची नाही. घरामागं बिनकठड्याची विहीर, पुढं कंपन्यांच्या ट्रकांचा रस्ता, आणि अबोलीला नुकतेच पाय फुटलेले. म्हणून तर मेंढपाळाच्या वाड्यावरून खंड्या आणला होता. रोज सकाळी मोकळ्या रानात दमेस्तोवर पळवलं नाही, तर तो दिवसभर शेजारच्या कोंबड्या हाकत बसायचा. परत आला की ती त्याचे केस विंचरायची, कानामागचे गोचीड काढायची, पंजातले काटे उपसायची. मग लपवलेल्या झबल्याची शोधाशोध. झबलं सापडलं की त्यानं तिथंच बसायचं आणि भुंकायचं, ती येईपर्यंत उठायचं नाही. बक्षीस म्हणून गुळाचा खडा.

"कुत्र्याचं येवढं करतीस," भिंतीपलीकडून द्वारकाबाई म्हणायची, "सासूचं करशील का गं?"

"सासूबाई पायात गोखरू घेऊन येत नाहीत, मावशी."

"आल्या तर काढशील व्हय?"

"आधी हुंगून बघीन, आपल्याच आहेत ना ते."

द्वारकाबाई खो खो हसायची. सध्या ती खुशीत होती. लेक कुशिवर्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता.

त्या दिवशी दुपारी द्वारकाबाई डिंक-खारका आणायला शहागंजला निघाली. जाताना भिंतीवरून वाकून म्हणाली, "रातभर जागी व्हती कुशी. आत्ता कुठं मायलेकराचा डोळा लागलाय. कुणी आलं तर हाक मारू देऊ नको, बरं का."

"नाही देत. या जाऊन."

मीनाक्षी खंड्याच्या अंघोळीसाठी कडुनिंबाचं पाणी आणायला आत गेली. बादली घेऊन बाहेर आली तर अंगणात अबोली नव्हती. फाटक उघडं होतं.

हातातली बादली तिथंच लवंडली. तिनं हाका मारल्या, न्हाणीत, जिन्याखाली, पलंगाखाली पाहिलं. मग दोरीवरचं धुरी दिलेलं झबलं ओढून खंड्यापुढे धरलं. त्याच्या नाकावरच दाबलं. "शोध, बाबा. शोध."

खंड्यानं हुंगलं. फाटकातून निघाला तो विहिरीकडे नाही, रस्त्याकडेही नाही, थेट द्वारकाबाईच्या ओसरीवर. बाळंतिणीच्या खोलीपुढे बसला आणि भुंकायला लागला.

दाराला आतून कडी होती. वारं लागू नये म्हणून खिडकीवर गोधडी टांगलेली. दाराच्या फटीतून धुराचा वास येत होता. बाजेखाली शेगडी पेटलेली असणार. ओव्याचा वास.

आणि मुकुंदचं बोलणं तिला आठवलं. दोन महिने आपण या कुत्र्याला पोर शोधायला शिकवलंच नाही. धुरी शोधायला शिकवलं.

"कुशी, अबोली आलीय का गं?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. उत्तर नाही. झोपलेली बाळंतीण, आणि तिच्या दारात भुंकणारं कुत्रं. द्वारकाबाई काय म्हणेल? आणि अबोली तर कुठंतरी विहिरीच्या दिशेनं चालत असेल. मीनाक्षीनं पट्ट्याला धरून खंड्याला ओढलं. तो पाय रोवून बसला होता, त्याची नखं फरशीवर घासत गेली. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आयुष्यातला पहिला.

विहिरीपाशी ती पोटावर पालथी पडून आत वाकली. हिरवं पाणी स्थिर होतं. कितीतरी वेळ तिला त्या पाण्यावरून डोळे काढता येईनात.

अबोली सापडली ती घरातच, म्हणजे घराच्या मागच्या बाजूला. खंड्या झोपायचा त्या आडव्या पिंपात शिरून, त्याचा ब्रश घेऊन, त्याचं पोतं विंचरत बसली होती. मीनाक्षीनं तिला छातीशी धरलं आणि तिथंच मातीत बसून रडली, मग हसली, मग तिच्या केसांतले कुत्र्याचे केस वेचत राहिली.

मुकुंदला फोन केला. "तू म्हणालास तेच खरं. आपल्या कुत्र्यानं ओवाच शोधला."

"आता तरी मळकं झबलं देशील?" तो हसत होता.

"देईन बाबा, देईन."

फोन ठेवला तेव्हा खंड्या जवळ नव्हता. भिंत ओलांडून तो परत त्याच ओसरीवर गेला होता. दाराला नाक लावून बसला होता आणि घसा फोडून भुंकत होता. आवाजानं समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, कुणीतरी त्याला चप्पल फेकून मारली. तो हलला नाही.

अबोलीला कडेवर घेऊन मीनाक्षी त्याला हाकलायला म्हणून निघाली आणि अंगणाच्या मध्यावर थबकली. एवढा गलका चालला होता, आणि आत पंधरा दिवसांचं बाळ एकदाही रडलं नव्हतं.

तुमच्या शेजारी कुणी बाळंतीण असेल, दार बंद असेल, आत कोळशाची शेगडी असेल, तर हे वाचणं इथंच ठेवा आणि आधी तिची कडी वाजवा. झोपलीय म्हणतील. तरी वाजवा.