निधनवार्तेच्या जागी

“निधनाच्या पानावर अळूवडी कोण छापतं हो?” शेजारी बसलेले इनामदारभाई पुटपुटले.

हेमलताबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सातपूरच्या बसमध्ये एकच पेपर हातोहात फिरवायची या रोजच्या सोबत्यांची जुनी सवय. हल्ली पेपर ज्याच्या हातात जाईल त्याच्या बोटांवरून नाडी ओळखायचा, जी बातमी जिव्हारी लागेल ती गाळायचा आणि तिथे एखादी पाककृती छापून द्यायचा. तरी फिरायचा मात्र पूर्वीसारखाच.

“मला मुगाची खिचडी दिसली. त्याच चौकटीत,” मागच्या सीटवरून शकूने मान पुढे काढली. “तुम्हाला हो, ताई?”

“भरली वांगी. तीही बिनकांद्याची. या पेपराला स्वयंपाकातलं काय कळतंय!” हेमलताबाई म्हणाल्या आणि उगाच हसल्या.

परक्या कुणाचं नाव असतं तर ते पेपरने गाळलं नसतं. तिघांच्याही जिवाला लागेल असा माणूस या बसमध्ये एकच होता. खिडकीशी बसून शब्दकोडं थेट पेनाने सोडवणारे ठोसर सोमवारपासून आले नव्हते.

“मुलीकडे गेले असतील,” इनामदारभाई म्हणाले.

“हो ना, बडोद्याला,” शकूने घाईघाईने री ओढली.

हेमलताबाईंच्याही ओठांवर तेच होतं. पण असंच म्हणत राहिलं, तर ठोसरांच्या घरी भेटायला कुणीच जाणार नाही. घरच्यांना वाटेल, इतकी वर्षं हा माणूस बसने एकटाच जात होता.

त्यांनी पेपर मिटून मांडीवर ठेवला.

“इनामदारभाई, शकू,” त्या म्हणाल्या, “आपले ठोसर गेले.”