बेरिशचा आशीर्वाद

"नूताला नका बोलावू," अंशेल म्हणाला. "दुसरा कोणीतरी कोहेन बघा."

ज्यू कैद्यांचा धर्मगुरू रब्बी झाल्ट्समन पुस्तकं कपाटात लावत होता, तो थांबला. दुसरा कोण येणार? शावुओतचा सण परवावर आलेला. सणाला गाडी चालवायची नाही, म्हणजे आदल्या दिवशीच येऊन तुरुंगासमोरच्या मोटेलात राहायचं आणि सकाळी चालत फाटकावर यायचं. न्यूयॉर्कच्या या टोकाला, तेही कैद्यांसाठी, एवढी यातायात कोण करतंय? अंशेलचा सख्खा भाऊ म्हणून नूता कसाबसा तयार झाला होता.

"मग तूच उभा राहा," रब्बी म्हणाला.

अंशेल रॅपापोर्टने हात खिशात घातले. अख्ख्या तुरुंगात कोहेन तो एकटाच. जुनं पुरोहितांचं घराणं. सणाच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर हात उभारून आशीर्वाद द्यायचा तो कोहेननेच. पण ज्याच्या हातून माणूस मेला त्याने हात उभारायचे नाहीत, असाही रिवाज.

अंशेलची गाडी एका म्हाताऱ्या चौकीदाराला उडवून गेली होती, थांबलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी अंशेल आपणहून पोलिसांत गेला आणि मीच चालवत होतो म्हणाला. नूता शेजारी बसलेला, असं दोघांनीही सांगितलं. कोर्टात नूताची बायको तान्ही जुळी मांडीवर घेऊन बसायची.

तेव्हापासून दर सणाला आशीर्वादाची वेळ आली की अंशेल उठून बाहेर व्हरांड्यात जायचा. दारावरचा शिपाई कोवालिक म्हणायचा, "लागली का रे, रॅपापोर्ट? बरोबर सणालाच लागते तुला." तुरुंगाच्या शेतावर ट्रॅक्टरचं काम देऊ केलं, तर अंशेलने तेही नाकारलं. असा पस्तावलेला माणूस रब्बीने इतक्या वर्षांत बघितला नव्हता.

"मोठ्या रब्बींना विचारलंय मी," तो म्हणाला. "पस्तावला असेल तर चालतं म्हणतात."

"मला नाही चालत."

"आणि बेरिशचं काय करू?"

बेरिश जन्मभर तिजोऱ्या फोडत आलेला. आता लिव्हर गेलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्याचं एकच टुमणं होतं. लहानपणी बापाच्या प्रार्थनेच्या शालीखाली उभं राहून ऐकला होता, तसा आशीर्वाद एकदा डोक्यावरून जाऊ दे. इथे आल्यापासून मिळाला नव्हता. "पुढच्या सणाला मी नसतो, रब्बी," तो म्हणायचा. "त्या अंशेलला सांगा, मी काय हात बघत नाही. माझे कुठं धुतलेले आहेत?"

"बरं, येऊ दे नूताला," शेवटी अंशेल म्हणाला. "पण त्याच्या मनात नसेल तर जबरदस्ती नको."

सणाच्या सकाळी रब्बी आणि नूता मोटेलातून निघाले. नूता सारखा दाढी चावत होता. तुमच्याकडच्या देवळात आशीर्वादाला उभा राहतोस ना, असं रब्बीने सहज विचारलं.

"आमच्याकडे कोहेन पुष्कळ," नूता म्हणाला. "जागाच पुरत नाही."

भावाला भेटायला का येत नाहीस म्हटलं, तर मुलं लहान आहेत म्हणाला. जुळी आता बापाच्या खांद्याला लागली असतील, असं रब्बीच्या मनात आलं.

प्रार्थनेची खोली ख्रिस्ती कैद्यांचीही, म्हणून क्रूसावर चादर टाकलेली होती. भाऊ भाऊ समोर आले, पण गळाभेट काही झाली नाही. अंशेलने नूताची शाल खांद्यावर नीट केली आणि हळूच विचारलं, "झोप लागते का रे?"

नूताने मान खाली घातली.

बेरिशला दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवर आणलं होतं. आशीर्वादाच्या वेळी हातांकडे बघायचं नसतं, म्हणून त्याने आधीच शाल नाकापर्यंत ओढून घेतली. प्रार्थना पुढे सरकली. कोहेनच्या हातावर पाणी घालायचा मान लेवी घराण्याचा, आणि इथे लेवी म्हणजे खोटे चेक वटवणारा फिंक. तो प्लास्टिकचा जग घेऊन उभा राहिला. अंशेल नेहमीसारखा दाराकडे निघाला. कोवालिकने दार उघडलंच होतं.

नूताने रिवाजाप्रमाणे बूट काढले, हात पुढे केले. पाण्याची धार थांबली तरी त्याने हात तसेच धरून ठेवले. बावरलाय बिचारा, रब्बीला वाटलं. नूताने बेरिशकडे बघितलं, मग दाराशी थांबलेल्या अंशेलकडे. अंशेल नको नको म्हणून मान हलवत होता.

नूताने हात मागे घेतले. बूट उचलले आणि ओल्या हातांनी, नुसत्या मोज्यांवर, सगळ्यांच्या मधून, अंशेलच्या अंगावरून तो व्हरांड्यात निघून गेला.

"हाही तसलाच," कोवालिक पुटपुटला.

खोलीत कोणी हलेना. त्या गाडीत शेजारी नक्की कोण बसलेलं होतं, असं रब्बीच्या मनात आलं.

"काय झालं?" शालीखालून बेरिशने विचारलं. "सुरू करा की. माझ्याकडे वेळ नाही."

अंशेल थोडा वेळ त्या उघड्या दाराकडे बघत राहिला. मग मागे वळला, बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडल्या, आणि उठून फिंकच्या जगाखाली दोन्ही हात धरले.