पट्टीचा पोहणारा

"गाइड कशाला पाहिजे? आपल्याकडे पप्पा आहेत," धवल म्हणाला, आणि हरिश्चंद्रांना चहाचा ठसका लागला.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्यात अंदमानचा समुद्र होता, खोटा वाटावा इतका निळा. डोळ्यांवर मुखवटे आणि तोंडात नळी लावलेली माणसं पाण्यावर पालथी पडून खालचे मासे बघत होती. याला स्नॉर्केलिंग म्हणतात, असं दिशानं सासऱ्यांना समजावलं.

"तुम्हाला काय त्याचं, पप्पा. तुम्ही अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत पोहत गेलेले. आम्हा दोघांना पोहता येत नाही. तुम्ही फक्त आमचे हात धरायचे. आई काठावर बसून पर्स सांभाळतील."

किल्ल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ती मुळात हरिश्चंद्रांनी रचलेलीच नव्हती. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलाबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही आठवेना म्हणून मामांनी सांगून टाकलं, "आमचा हरी अर्नाळ्याहून बेटावरच्या किल्ल्यापर्यंत पोहत जातो." हरिश्चंद्र पोह्यांच्या बशीकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. पुढे गोष्ट आपली आपण वाढली. आधी नुसतं जाणं होतं, मग परत येणंही झालं. धवल शाळेत जायला लागला तेव्हा तिच्यात भरतीचं पाणी शिरलं. दिशा सून म्हणून आली त्या वर्षी वाटेत एक बुडणारा कोळीही वाचवून झाला. कोळी कसा बुडेल, हे कुणी विचारलं नाही.

खरं म्हणजे हरिश्चंद्र निर्मळच्या वाडीत जन्मले, समुद्राचा वारा खात म्हातारे झाले, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्यांना अजून देव आठवत असे.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात घेतलं. "नोव्हेंबरात आपली जत्रा. घर सोडून कसं जायचं?"

"म्हणून तर डिसेंबर धरलाय," दिशा म्हणाली.

"डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार. एवढं बेटावर जाऊन मासे खायचे नाहीत?"

"मासे बघायला चाललोय, पप्पा."

"आणि वाडीचं शिंपण?"

"काळूरामदादा बघतील," धवल म्हणाला. "तसंही तेच बघतात."

मग हरिश्चंद्रांनी गुडघेदुखी काढली. पण दिशा फिजिओथेरपिस्ट होती. तिनं सांगितलं की गुडघ्याला पाण्यासारखं औषध नाही.

"चला, मग करून टाकतो बुकिंग," धवल म्हणाला.

"दोन मिनिटं थांब," म्हणून हरिश्चंद्र उठले आणि मागच्या पडवीत गेले. एकट्यानं बुडायचं असतं तर एक वेळ चाललं असतं. बुडालेल्या माणसाला कुणी खोटारडा म्हणत नाही. पण त्यांच्या एका हाताला मुलगा असणार होता आणि दुसऱ्या हाताला सून.

पडवीत जयवंतीबाई तगरीच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. हरिश्चंद्र त्यांच्या शेजारी टेकले. थोडा वेळ त्यांनीही कळ्या निवडल्या, चुकीच्या.

"अगं, मला पोहता येत नाही."

"ठाऊक आहे," जयवंतीबाई म्हणाल्या. हात चालूच होते.

"कधीपासून?"

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी. बावखलात कळशी पडली होती बघा. तुम्ही 'थांब, आत्ता काढतो' म्हणालात आणि बांबू आणायला गेलात."

बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. आता ते बुजवून त्यावर धवलची गाडी उभी राहायची.

"हो. आणि मी परत येईपर्यंत शेजारच्या क्लिफर्डनं कळशी काढली होती."

"क्लिफर्ड तेव्हा कुवेतला होता. मी काढली. साडी निथळत होती माझी, पण तुमचं सगळं लक्ष बांबूकडे."

हरिश्चंद्रांच्या हातातली कळी तशीच राहिली. "तुला पोहता येतं?"

"माहेरच्या बावखलात आम्ही बहिणी बुडी मारून तळाची माती वर आणायचो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघायला आलात तेव्हा आमचे बाबा तेच सांगणार होते. पण तेवढ्यात तुमच्या मामांनी किल्ला काढला. आई आत येऊन म्हणाली, आता तू गप्प राहा, नवऱ्यामुलाला कमीपणा नको. तेव्हापासून गप्पच आहे." त्यांनी परडी बाजूला सरकवली. "मघापासून मी इथून ते मासे बघतेय लॅपटॉपवर. पिवळे पट्टे आहेत त्यांच्या अंगावर. मला ते जवळून बघायचेत. पोरांना मी नेते पाण्यात. पर्स तुम्ही सांभाळा. फक्त आत जाऊन खरं काय ते सांगा. त्यांना माझ्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

हरिश्चंद्र उठले. पडवीपासून टेबलापर्यंत त्यांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. चार शब्दांचं तर होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

"धवल," ते म्हणाले, "पाण्यात तुमच्याबरोबर आई येईल. मी काठावर बसणार."

"आई?" धवलनं मान वर केली. "आईला पोहता येतं?"

दिशाही बघत राहिली. जयवंतीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

हरिश्चंद्रांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"येतं म्हणजे?" ते म्हणाले. "मीच तर शिकवलंय तिला."