होडी हलकी होते आहे

“वाच लवकर, हात भरून आले,” मर्व्ह म्हणाला.

गॅरेजच्या मधोमध न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून तो त्यावर उभा होता. नुकतंच जन्मलेलं कोकरू उचलावं तशी त्याने दोन्ही हातांवर होडी आडवी धरली होती. होडीमुळे त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते, म्हणून आकडा वाचायचं काम दर वेळी बायकोचं. नोलीन गुडघे टेकून वाकली, चष्मा पुसला आणि आकडा सांगितला.

मर्व्हने डोळे मिटून वजाबाकी केली. एकूण वजनातून माणसाचं वजन गेलं की उरते ती होडी. माणसाचं वजन त्याला तोंडपाठ होतं: ऐंशी किलो. लग्नात होतं तेच. “लंगर आहे लंगर, जागचा हलत नाही,” असं तो होड्यांच्या क्लबात पोटावर थाप मारून सांगायचा. ते पुन्हा तपासून पाहावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“परत उतरली,” तो हळूच म्हणाला. “व्हार्निशचा शेवटचा हात चढला, आणि पोरगी आणखी हलकी झाली.”

ब्रॉड बे या खाडीकाठच्या गावातली माणसं एरवी शहाणीसुरती, पण शर्यतीची होडी म्हटली की अक्कल गहाण ठेवतात. एकट्याने हाकायच्या या होडीत जिंकणं-हरणं सगळं वजनावर. मर्व्हने सुकाणूचा दांडा आतून पोकळ केला होता, स्क्रूंची डोकी घासली होती, आणि एकदा तर रंधा मारून झाल्यावर भुसाही वजनात धरला जाईल म्हणून फुंकर मारत बसला होता. थंडीत गोंद धरत नाही म्हणून त्यांच्या पलंगावरचं विजेचं ब्लँकेट हिवाळा लागल्यापासून होडीच्या अंगावर होतं. नवराबायको स्वेटर घालून झोपत होती. नोलीनने आधी चार शब्द सुनावले, मग तिलाही ते आवडायला लागलं. सकाळी डोळे उघडायच्या आत रंध्याचा आवाज ऐकू यायचा आणि घर पाण्यावर असल्यासारखं वाटायचं.

व्हार्निशने वजन वाढतं हे कुणालाही कळतं. क्लबातला आयव्हर तर हसून म्हणालाच होता की व्हार्निश पिऊन वाळणारी होडी त्याने अजून पाहिली नाही. मर्व्हकडे उत्तर तयार होतं: ब्लँकेटच्या उबेने लाकूड आतून सुकतंय. नोलीनने ते मानलं. खुशीने मानलं. दर रविवारी ती आकडा वाचायची, तो वजाबाकी करायचा, आणि मग दोघं चहा पीत त्या मधाच्या रंगाच्या होडीकडे बघत बसायची. वसंतातली पहिली शर्यत येईपर्यंत होडी जमीन सोडून तरंगायला लागणार, असं तो म्हणायचा. रात्री बांधून ठेवायला हवी, असं ती म्हणायची.

आज ती अजून गुडघ्यांवरच होती. दारातून येणारं पांढरं ऊन होडीच्या तळावरून घसरून मर्व्हच्या कमरेवर पडलं होतं. त्याच्या विजारीला पुढे चुण्या पडल्या होत्या. पट्ट्याला एक नवं भोक होतं, गोल आणि स्वच्छ, ड्रिलने पाडलेलं. तिने वर त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटातल्या अंगठीवर त्याने चिकटपट्टी गुंडाळली होती. व्हार्निशवर ओरखडा नको म्हणून असेल, असं ती इतके दिवस समजत होती. पण पट्टी अंगठीच्या आतल्या बाजूनेही होती.

“मर्व्ह, होडी खाली ठेव,” ती म्हणाली.

त्याने होडी सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर ठेवली, अलगद, आवाज न करता. मग तिला पांघरायला ब्लँकेट उचललं.

“ते राहू दे. परत काट्यावर उभा राहा.”

“आता कशाला? झालं ना वजन.”

“नुसता उभा राहा. माझ्यासाठी.”

तो हसला. तिला त्याची चेष्टा करायची असेल असं त्याला वाटलं, आणि ब्लँकेट खाली टाकून, पोट पुढे काढून तो काट्यावर चढला. या वेळी मध्ये होडी नव्हती. आकडा त्याला स्वतःलाच दिसत होता. नोलीनने वाचला नाही. तो खाली मान घालून बराच वेळ बघत राहिला, आणि त्याचे ओठ वजाबाकी करताना हलतात तसे हलले.

“म्हणजे होडी जड आहे,” तो म्हणाला.

“हो. होडी जड आहे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं.”

काट्यावरून उतरायचंही त्याला सुचलं नाही. नोलीनला रडू येत होतं, पण ते तिने नंतरसाठी ठेवलं. त्याचा हात धरून तिने त्याला खोक्यावर बसवलं, खाली पडलेलं ब्लँकेट उचललं आणि त्याच्याच खांद्यांभोवती गुंडाळलं. गळ्यापाशी नीट खोचलं. मग वाकून ब्लँकेटचं विजेचं बटण चालू केलं.

खाडीवरचा वारा दारातून आत आला. घोड्यांवरची होडी किंचित डुलली.

“गार पडेल ती,” मर्व्ह म्हणाला.

“पडू दे.”