घरी आलेला माणूस

घरातून हसण्याचा आवाज आला आणि रुद्रेश अंगणातच थांबला. मोटरसायकल उदगीरला गॅरेजवर ठेवून तो जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी आला होता. गाडीचा आवाज नाही, म्हणून तो आल्याचं आत कुणाला कळलं नव्हतं.

फौजेतून कायमचा घरी आल्यापासून त्यानं हे हसणं ऐकलं नव्हतं. त्यानं उंबऱ्यात पाऊल टाकलं की टीव्ही बंद व्हायचा. आई गौरम्मा पदर सावरून उठायची. बायको रेणुका चहाचं आधण ठेवायची. लहानगी लेक अंजू दप्तर उघडून बसायची. यांना आपली सवय नाही, होईल हळूहळू, असं तो मनाशी म्हणायचा.

त्यानं खिडकीतून पाहिलं. अंजू छाती पुढं काढून त्याची नक्कल करत होती. "चपला लाईनीत लावा! मोकळ्या खोलीत पंखा कशाला चालू हाय?" गौरम्मा हसून हसून डोळे पुसत होती. डाळ निवडणाऱ्या रेणुकाच्या मांडीवरचं सूप हलत होतं. रुद्रेशलाही हसू आलं. आत जावं, पोरीला उचलून घ्यावं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात अंजू चटईवर आडवी झाली आणि घोरू लागली. "मम्मी, मला जेवायला उठव की."

रेणुका हसत वाकली. तिनं पोरीच्या खांद्याला हात लावला. अंजू झटक्यात उठली आणि दोन्ही हातांनी तिनं आईचा गळा धरला.

सूप कलंडलं. डाळ फरशीवर पसरली. रेणुकानं पोरीचे हात सोडवले नाहीत. ती डोळे गच्च मिटून थिजून बसली.

"सोड गं," गौरम्मा म्हणाली. "ही काय खेळायची गोष्ट हाय?"

रुद्रेश मागं सरला. सरहद्दीवरच्या चौकीवर तोफगोळा पडला, तेव्हा त्याच्या शेजारी झोपलेला मारोती पुन्हा उठलाच नव्हता. तेव्हापासून झोपेत कुणी हात लावला की रुद्रेशचे हात आपोआप उठत. घरी आल्यावर एका दुपारी रेणुका त्याला झोपेतून जेवायला उठवायला आली आणि तसंच झालं. तिच्या गळ्यावरचे वळ बरेच दिवस राहिले. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यानंही विषय काढला नाही. अंजू त्या वेळी शाळेत होती, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी तो लातूरला गेला. त्याच्या पलटणीतला बजरंग तिथं एका डाळ मिलवर वॉचमन होता. रुद्रेशनं जागेचं विचारलं. जागा होती.

घरी येऊन जेवताना त्यानं सांगितलं, "लातूरला काम लागलंय. राहायला खोली देतेत."

गौरम्मानं सुनेकडं पाहिलं.

"तू नको म्हणलीस तर न्हाई जात," तो रेणुकाला म्हणाला. "दवाखाना करतो. बाहेर पडवीत झोपतो. तू सांग."

रेणुकानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "कधी जायचंय?" तिनं विचारलं.

निघायच्या दिवशी ती पहाटेपासून कामाला लागली. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, कपडे घडी करून बॅगेत भरले. काम करताना ती काहीतरी गुणगुणत होती. अंजूनं वेण्या घालून घेतल्या आणि फाट्यापर्यंत बापाचं बोट धरून चालली. वाटभर तिची बडबड सुरू होती. रुद्रेश हुंकार देत होता. त्याचं सगळं ध्यान मागून येणाऱ्या रेणुकाकडं होतं. अजूनही ती 'थांबा' म्हणाली असती, तर तो तिथूनच माघारी फिरला असता.

एसटी आली. रेणुकानं पिशवी त्याच्या हातात दिली. मग जवळ येऊन तिनं त्याची दुमडलेली कॉलर नीट केली. त्या दुपारनंतर तिनं त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. तिचे डोळे भरून आले होते, चेहरा मात्र किती तरी दिवसांनी निवांत दिसत होता. तो फौजेत असताना निरोपाला ज्या मायेनं बोलायची, त्याच मायेनं ती म्हणाली,

"आता सुट्टी कवा भेटंल?"