भिंतीवरचं औषध

मलेरियाची फवारणी करणारे आले की कोकिळा उंबरठ्यात आडवी उभी राहायची. कपाशीवर औषध मारता मारता तिचा नवरा शेताच्या धुऱ्यावर कोसळला तो उठलाच नाही. तेव्हापासून पाठीवर पंप घेतलेला माणूस तिनं घरात येऊ दिला नव्हता. पण या खेपेला तिची दिपाली मलेरियानं यवतमाळच्या दवाखान्यात पडून होती, आणि शेजारचं लेकरू तर तिथून परत आलंच नव्हतं.

"वहिनी, औषध भिंतीवर राह्यलं पायजे. मंग डास तिथं टेकला का मेलाच," फवारणीवाला समजावत होता.

"इकडं विष, तिकडं ताप. मी काय करू भाऊ, तुमीच सांगा!" म्हणत कोकिळा रडायलाच लागली. शेवटी तोंडाला पदर लावून ती दारातून बाजूला झाली.

दिपाली घरी यायच्या दिवशी मात्र भिंतींवरचे ते पांढुरके ओघळ पाहून तिचा धीर सुटला. एवढ्या अशक्त पोरीच्या नाकातोंडात हे गेलं तर? दिवाळीला पोतारतात तशा साऱ्या भिंती तिनं मातीनं वरपासून खालपर्यंत पोतारून काढल्या.

"नीज माय आता," लेकीच्या अंगावर पांघरूण घालत ती म्हणाली. "विष गेलं सारं."

दिवेलागणीला एक डास आला, त्या ओल्या भिंतीवर घटकाभर निवांत टेकला आणि दिपालीच्या पांघरुणाबाहेर आलेल्या उघड्या दंडाकडे उडाला.